अर्ध्या सेकंदाचा उशीर

प्रयोगशाळेतले लॉगॅरिदमच्या कोष्टकांचे पुस्तक तुम्ही पाहिले असेल. किचकट गुणाकार आला, की जो तो तेच पुस्तक उघडतो. स्वतःची कोष्टके कोणी करीत बसत नाही. संगणकातही असेच असते. अक्षरे पडद्यावर उमटवणे, माहिती दाबून थोड्या जागेत बसवणे, अशी कामे अनेक प्रोग्रामना लागतात. म्हणून त्यांच्या सूचना एकदाच लिहून सर्वांसाठी ठेवतात. या संचाला म्हणतात लायब्ररी.

डेबियन, फेडोरा, उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या निरनिराळ्या जुळण्या. त्यांच्या कर्त्यांना ठरवावे लागते, की कोणत्या लायब्रऱ्या सुरुवातीलाच घालायच्या. पूर्वी उबुंटू एका सीडीवर, सुमारे ७०० मेगाबाइटमध्ये, मावावी लागे. तेव्हा काटकसर भागच होती. आता जागा मुबलक आहे. मग सगळ्याच का घालू नयेत?

मार्च २०२४ मध्ये काय घडले ते पाहा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले, की दूरच्या संगणकात प्रवेश देणारा एसएसएच हा प्रोग्राम सुस्तावला आहे. प्रवेशाच्या एका प्रयत्नाला सुमारे ०.३ सेकंद लागत, ते आता ०.८ लागत होते! (तुम्हीआम्ही याकडे लक्षही दिले नसते.) त्यांनी माग काढला, तेव्हा माहिती दाबून बसवणाऱ्या लिबएलझेडएमए या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा ठेवलेला आढळला.

गंमत अशी, की एसएसएचच्या मूळ कर्त्यांनी ही लायब्ररी घेतलीच नव्हती. ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप सिस्टिम-डी या व्यवस्थापक प्रोग्रामला देता यावा, म्हणून डेबियन, फेडोरा इत्यादींनी सिस्टिम-डीची लायब्ररी एसएसएचला जोडली. तिचे बोट धरून लिबएलझेडएमए आत आली. दोनाला दोनाने गुणायला कोष्टके उघडण्याचाच हा प्रकार! सुदैवाने दूषित आवृत्ती मुख्यतः चाचणीच्या संगणकांपर्यंतच पोचली होती.

मग ती काढूनच टाकावी? डेबियनमध्ये तेही जमत नाही. नवे प्रोग्राम ज्या गठ्ठ्यांतून येतात, ते सोडवायला तीच लागते. तेव्हा निरोपापुरत्या थोड्या ओळी एसएसएचमध्येच लिहिण्यात आल्या. मूळ कर्त्यांनीही जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत तसेच केले. लिबएलझेडएमए मात्र डेबियनमध्ये आजही पहिल्या दिवसापासून असते.