लोह आलं कुठून?

सकाळी ८.००
मुलुंडहून स्लो लोकलने कांजूरमार्ग, तिथून शेअर रिक्षाने पवई. आयआयटीच्या गेटात शिरताना डोक्यात ऑटोक्लेव्ह. रात्रभर १२० अंशांवर होता. पूर्ण निवल्याशिवाय उघडायचा नाही, आत दाब असतो.

९.००
टेफ्लॉनच्या कपातून निकेल फोमचा तुकडा चिमट्याने काढते. काल नुसती राखाडी जाळी होती, आज तिच्यावर पिवळट-तपकिरी थर बसलाय, निकेल आणि लोहाच्या हायड्रॉक्साइडचा. धुताना थर सुटला, तर तुकडा बाद. आजचा टिकला.

१०.३०
आता केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, शुद्ध करणं. हे काम कंटाळवाणं, पण सगळी भिस्त त्यावरच. हायड्रोजनसाठी पाण्याचं विघटन करताना अडतं ते ऑक्सिजनच्या बाजूला, कारण ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात. इरिडियम ते करतं, पण ते दुर्मीळ आणि महाग. निकेल स्वस्त, मात्र एकटं मंद. त्याला लोहाची जोड मिळाली की तेच झपाट्याने कामाला लागतं. केओएचमध्ये अशुद्धी म्हणून आलेलं किंचित लोहसुद्धा हा फरक घडवतं, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखवलं. मग मी मोजते ते माझ्या कॅटॅलिस्टचं काम की बाटलीतल्या लोहाचं? म्हणून द्रावणात निकेल हायड्रॉक्साइड ढवळायचं. ते लोह ओढून घेतं. मग सेंट्रिफ्यूज. सेलही प्लास्टिकचा, कारण अल्कलीने काच झिजते आणि तिच्यातलंही लोह उतरतं.

१.३०
मेसमध्ये घाईघाईत जेवण.

२.३०
पोटेन्शिओस्टॅट सुरू. आलेखावर आधी निकेलच्या ऑक्सिडेशनचा उंचवटा येतो. लोह असलं की तो उजवीकडे सरकतो. मग वक्र उभा चढतो आणि जाळीभर बारीक बुडबुडे धरतात. सिद्धांताने १.२३ व्होल्ट पुरतात. दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिअँपिअरसाठी त्यावर किती जास्त लागले, ते बघायचं.

“ताई, कालच्यापेक्षा बरंच कमी आलं!” ज्युनिअर ओरडतो.

“परतीच्या स्कॅनवर बघ. जाताना निकेलचा उंचवटाही त्यात मिसळतो.”

परतीवरही कमीच निघालं. मलाही आनंद लपवता आला नाही.

६.३०
तरी खरी परीक्षा टिकण्याची. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. कारखान्यातला इलेक्ट्रोड वर्षानुवर्षं चालायला हवा. तासाभराच्या वक्राचं तिथे काय मोल? स्थिर करंट लावून सेल रात्रभर चालू ठेवते.

८.००
नमुन्याच्या बाटलीवर लेबल लावून ठेवलं. सकाळी द्रावण धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी यंत्राकडे जाईल. त्यात लोह किती सुटलं, त्यावर पुढच्या बॅचमधलं प्रमाण ठरेल.