पद्मिनीच्या पोटातला कॅमशाफ्ट

चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी दिसते. सपाटीवर झोकात चालते, पिरंगुटच्या घाटात मात्र धाप लागते. मालक आधी प्लग बदलतो, मग पॉइंट घासतो, मग कार्ब्युरेटर खोलायला लावतो. मधूनच कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ आवाज येतो, त्यामुळे संशय तिथेच पक्का होतो. दोष बहुतेकदा या तिघांतच असतो. पण तिन्ही नवे करूनही चढ चढेना, की शहाणा मिस्त्री व्हॉल्व्हचं झाकण काढतो.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. मूळ फियाट ११०० चं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि त्यांना उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, मधे टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर. क्रँक दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो. त्याच्यावरचे आठ उंचवटे, म्हणजे लोब, प्रत्येक व्हॉल्व्हला किती वेळ आणि किती उघडायचं ते ठरवतात. लोब झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. एक्झॉस्टचा लोब झिजला तर जळलेला वायू बाहेर पडत नाही आणि इनटेक उघडताच उलटा कार्ब्युरेटरकडे धावतो. तो ‘फट्’ त्याचाच असू शकतो.

लोब आणि टॅपेट एका बारीक रेषेपुरतेच टेकतात, म्हणून तिथला दाब प्रचंड असतो. अशा बहुतेक इंजिनांत लोब किंचित तिरका आणि टॅपेटचं तोंड किंचित फुगीर घासलेलं असतं, म्हणजे टॅपेट प्रत्येक धक्क्याला स्वतःभोवती थोडं फिरतं आणि झीज वाटली जाते. ज्या दिवशी ते फिरायचं थांबतं, त्या दिवसापासून लोब भराभर खाल्ला जातो.

मुळशीत या झिजेला एक खास कारण मिळतं. पावसाळ्यात तिथली हवा महिनोन् महिने ओली. फार्महाउसच्या शेडमध्ये उभी असलेली हौसेची गाडी मालक ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून अधूनमधून चालू करतो आणि दहा मिनिटं मंद चालू ठेवून बंद करतो. यापेक्षा वाईट काळजी दुसरी नाही. लोबना ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँक फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून, आणि मंद चालीत ते फारसे उडत नाहीत. इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून आतला ओलावाही उडून जात नाही. एकतर गाडी खरोखर पंधरा-वीस किलोमीटर चालवावी, नाहीतर हात लावू नये.

निदान सोपं आहे, पण फार कमी जण करतात. पुशरॉडवर डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवायचं. चारही इनटेकची उचल सारखी हवी, चारही एक्झॉस्टची सारखी हवी. एकीत फरक पडला की संशय संपला. टॅपेट सेट करूनही थोड्या दिवसांत तेच टॅपेट पुन्हा वाजत असेल, तर तीही खूणच.

मग मोठं काम. रेडिएटर काढायचा, पुढचं कव्हर आणि टायमिंग चेन उघडायची. शक्य असेल तर इंजिनच उतरवून उलटं करावं, म्हणजे टॅपेट स्वतःच्या वजनाने लोबपासून दूर राहतात. शाफ्ट सरळ, घाई न करता ओढायचा. तिरका झाला तर लोबच्या कडा बुशवर ओरखडे पाडतात. इथेच कंजुषी होते. ‘टॅपेट चांगलीच दिसतायत’ म्हणून नव्या शाफ्टवर जुनी टॅपेट बसवतात. जुनं टॅपेट जुन्या लोबच्या झिजेला जुळलेलं असतं. नव्या लोबला ते काही दिवसांत घासून टाकतं. शाफ्टसोबत आठही टॅपेट नवी, हा खर्च टाळायचा असेल तर काम सुरूच करू नये. जुनाच शाफ्ट ग्राइंड करून वापरतात, तेही ठीक, पण वरचा कठीण थर टिकेल इतपतच.

हा कठीण थर ओततानाच तयार होतो. वाळूच्या साच्यात लोबच्या जागी लोखंडी ठोकळे ठेवतात. वितळलेलं बीड त्यांना लागताच झपाट्याने थंड होऊन पांढरं, अतिशय कठीण होतं. आतला गाभा तुलनेने मऊ राहतो. आपल्याकडे या कामातलं मोठं नाव सोलापूरचं. १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स तिथून देशी-परदेशी मोटार कंपन्यांना माल पुरवते. योगायोग असा की पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्मही सोलापूरचाच, १८८२ चा. चादरींच्या गावाला मोटारीचं इतकं नातं असेल, हे पुण्यातल्या मोटारवाल्यांनाही सहसा आठवत नाही.

शाफ्ट बसला, चेनच्या खुणा जुळल्या, तरी काम निम्मंच झालेलं असतं. लोबवर वंगणाची दाट पेस्ट लावलेली हवी, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि इग्निशनचं टायमिंग आधीच ठीक हवं, म्हणजे पहिल्याच फटक्याला इंजिन चालू होतं. लगेच फेरे दोन हजारांवर न्यायचे आणि कमीजास्त करत वीसेक मिनिटं तिथेच ठेवायचे. मंद चालीत मुळीच नाही. शेजारी ओरडतात, मालक घाबरतो, पण मिस्त्रीने ॲक्सिलरेटर सोडायचा नसतो. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचं. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी केलेलं असतं, आणि अशा जुन्या धाटणीच्या टॅपेटचं संरक्षण त्याच्यावरच. म्हणून डब्यावरचं महागडं नाव न पाहता जुन्या इंजिनासाठी बनवलेलं दाट ऑइल मागावं, आणि काही शे किलोमीटरनंतर टॅपेटचं अंतर पुन्हा एकदा तपासावं.