शेगावचा डॉक्टर, बैरागडचा शेतकरी

तान्ह्या पोराचं पोट फुगलं, त्यावरच्या शिरा दिसू लागल्या की मेळघाटातल्या कोरकू आदिवासी घरातून पहिलं बोलावणं जायचं ते भूमक्याला, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूला. भूमका विळा तापवायचा आणि पोटावर चटके द्यायचा. या उपायाला म्हणतात डंबा. पोर दवाखान्यात आलंच, तर अंगडं वर करताच डॉक्टरला आधी दिसायचे ते हे काळपट व्रण. छातीतली घरघर त्यानंतर ऐकू यायची. वर भाजलेली कातडी, आत न्युमोनिया आणि त्याच्याही आत भूक. डंबा आजही पुरता गेलेला नाही, अधूनमधून त्याची बातमी येतेच.

1985च्या सुमारास या मुलखात एक तरुण डॉक्टर चालत पोचला. एसटी हरिसालपर्यंत, पुढे बैरागडपर्यंत चाळीसेक किलोमीटर जंगलाची पायवाट. डॉक्टर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावचा. गजानन महाराजांचं आणि कचोरीचं तेच शेगाव. वडील रेल्वेत नोकरीला, मुलगा नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेला. घरच्यांनी दवाखान्याची पाटी कुठे लावायची याचा विचार सुरू केला असेल, तोवर रवींद्र कोल्हे यांच्या डोक्यात गांधी-विनोबा आणि डेव्हिड वर्नर यांचं ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ हे पुस्तक जाऊन बसलं होतं. आजाऱ्याला उचलून नेणारी माणसं त्याच्या मुखपृष्ठावर आहेत.

निघण्याआधी त्यांनी जाणत्यांचा सल्ला घेतला. वीज, एक्स-रे, सोनोग्राफी, रक्तपेढी यांतलं काहीच नसेल तिथे डॉक्टरला काय यायला हवं? उत्तर तीन गोष्टींचं होतं: सोनोग्राफी आणि रक्ताविना बाळंतपण करता यावं, एक्स-रेशिवाय न्युमोनिया ओळखून बरा करता यावा, जुलाब आटोक्यात आणता यावेत. कोल्हे सहा महिने मुंबईत राहून तेवढं शिकले. तरी ते पुरलं नाही. स्फोटात हात गमावलेला तेरा वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला आणि आपली शिदोरी अपुरी आहे हे त्यांना कळलं. ते पुन्हा एमडी करायला गेले. प्रबंधाचा विषय अर्थातच मेळघाटातलं कुपोषण.

लग्नाची कथा आता बऱ्याच जणांना पाठ आहे. वधूसाठी चार अटी: चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत नोंदणी लग्न, महिन्याला चारशे रुपयांत संसार आणि दुसऱ्यांसाठी वेळ पडली तर भीक मागायची तयारी. बऱ्याच मुलींनी नकार दिला यात नवल नाही. अटी वाचून मुलींचे बापही चहा न घेता उठले असतील. नागपुरात होमिओपॅथीचा जम बसलेल्या स्मिताताईंनी मात्र होकार दिला.

या अटींत खरी पाहायची ती चारशे रुपयांची. तो आकडा हवेतून आलेला नव्हता. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुढच्या फेरीचा एक, या दराने महिन्याला जमणारी ती कमाई. रुपया-रुपयाने धरलं तर महिन्याला चारशे रोगी, म्हणजे आठवड्याला शंभरच्या घरात. एका माणसाच्या हातून, विजेविना, आणि त्यातले किती तरी डोंगर चढून आलेले!

स्मिताताईंना गावानं लगेच आपलं मानलं नाही. बाई डॉक्टर ही कल्पनाच नवी होती. मग त्यांचं पहिलं बाळंतपण आलं. रवींद्र यांनी ते गावातच केलं, पण बाळ आजारी पडलं. न्युमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तात जंतुसंसर्ग. शहरात हलवा, असं गावकरीच म्हणू लागले. निर्णय आईवर सोपवला गेला. गावातल्या बाकीच्या पोरांना जे औषध मिळतं तेच माझ्या पोराला मिळेल, असं ठरवून त्या राहिल्या. पोर वाचलं. पुढच्या काळात दवाखान्याच्या दारात बायका निःशंकपणे येऊ लागल्या. आईच्या या निर्णयाचं कौतुक करावं की अंगावर काटा यावा, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

जगात इतर ठिकाणीही जोडपी अशी सेवेला जातात. अमेरिकेत मॉर्मन पंथातली निवृत्त दांपत्यं पदरचा पैसा खर्चून वर्ष-दीड वर्ष परमुलखात राहतात. त्यांतली काही ॲरिझोनाच्या बाजूला नवाहो लोकांमध्ये. नवाहोंचा प्रदेश सुमारे 70 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सात बुलढाणा जिल्हे सहज मावतील एवढा. तिथेही कित्येक घरांत नळ नाही, पाणी लांबून गाडीतून आणावं लागतं. नवाहो स्वतःला ‘दिने’ म्हणतात, त्याचा अर्थ लोक. आपल्याकडे ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हे अनेकवचन, म्हणून कोरकू म्हणजे माणसं! त्यांची बोली मराठीची बहीण नाही, गोंडीचीही नाही. ती मुंडारी आणि संथाली यांच्या कुळातली. म्हणून अकोटच्या पुढे घाट चढला की वऱ्हाडी डॉक्टरचीही जीभ अडखळते. या दोन्हीकडच्या सेवेत एक फरक मात्र मोठा आहे. ती मॉर्मन जोडपी मुदत संपली की घरी परततात आणि त्यांच्यासोबत धर्मही आलेला असतो. कोल्हे दांपत्याला ना मुदत होती, ना कुणाला आपल्या पंथात आणायचं होतं.

तरी दवाखाना ही गोष्टीची अर्धीच बाजू. मेळघाटातली मुलं न्युमोनियानं का जातात? थंडीत अंगावर कपडा नसतो, पोटात अन्न नसतं. अन्न का नसतं? पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, नदी-नाले वाट अडवतात आणि हाताला काम नसतं. पिकं निघाली की कुटुंबच्या कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात, ती परततात होळीला, फगवा मागायला. या साखळीच्या शेवटच्या कडीला गोळी देऊन पहिल्या कडीचं काय होणार? त्या काळी दर हजार जन्मांमागे सुमारे 200 बाळं वर्षाच्या आत जात, असं कोल्हे सांगत आले आहेत.

म्हणून डॉक्टर हळूहळू दुसऱ्याच कामांकडे वळत गेले. गावकरी आजारी जनावरं घेऊन दारात आले, तर डॉक्टरांनी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून शिकून त्यांच्यावर उपचार केले. शेतीचं शास्त्रही तिथूनच समजून घेतलं. नुसतं सांगून कुणी वाण बदलत नाही, हे ओळखून नवरा-बायकोनं स्वतः जमीन कसली, सोयाबीन पिकवून दाखवलं. मुसळधार पावसात रस्ता बंद झाला तरी रेशनचं धान्य प्रत्येक घरी पोचावं, याकडेही त्यांनी लक्ष दिलं. एमडी डॉक्टरनं पोती मोजणं काहींना वायफळ वाटेल. पण कुपोषणावरचं पहिलं औषध पोत्यातच असतं.

बुलढाणेकरांना हे डोंगर परके नाहीत. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे, आणि जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला भिंगाऱ्याकडे गेलं की आदिवासी पाडे लागतात. शेगावातून उत्तरेला पाहिलं तर क्षितिजावरची निळी रेघ ती हीच. बहुतेक जण ती रेघ आयुष्यभर रेघच म्हणून पाहतात.

मेळघाटात आता दुसरेही दवाखाने आहेत. डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव हे जोडपं 1998पासून धारणीजवळ उतावलीला काम करतं. कोल्हे दांपत्याला 2019मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच्या कितीतरी आधी राज्याचे एक बांधकाम मंत्री बैरागडला आले होते. डॉक्टरांची झोपडीवजा राहणी पाहून त्यांनी चांगलं घर बांधून देण्याची तयारी दाखवली. स्मिताताईंनी घर नको म्हणून सांगितलं आणि मागितले ते गावाला जोडणारे रस्ते. त्या रस्त्यांनी आज बैरागडला गाडी जाते. कोल्हे दांपत्याचा थोरला मुलगा शेती करतो, धाकटा डॉक्टर झाला आहे.