रेडिओ-झोत: कृष्णविवरांपासून नवजात ताऱ्यांपर्यंत

गुरुत्वाकर्षण म्हणजे केवळ आत ओढणारे बळ, अशी समजूत सहज होते. परंतु फिरते द्रव्य जिथे एखाद्या केंद्राकडे ओढले जाते, तिथे त्यातील काही अंश परिभ्रमणाच्या अक्षाला धरून दोन विरुद्ध दिशांना, अरुंद धारांच्या रूपाने, बाहेरही फेकला जातो. या धारांना झोत म्हणतात. कन्या तारकासमूहातील एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे आणि मृग तारकासमूहातील एखाद्या नवजात ताऱ्याचे सूर्याहूनही कमी असू शकते, तरीही दोन्ही ठिकाणी मध्ये केंद्रवस्तू, तिच्याभोवती द्रव्याची फिरती चकती आणि चकतीला काटकोनात निघालेली झोतांची जोडी अशी एकच मांडणी दिसते.

एम ८७ मधील झोत प्रथम नोंदला तो कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या हीबर कर्टिस यांनी, १९१८ साली. छायाचित्रात त्यांना दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेली एक सरळ किरणरेषा दिसली होती. तिचा अर्थ उलगडण्यास रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म व्हावा लागला. १९५३ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि भारतीय संशोधक मृणालकुमार दासगुप्ता यांनी हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ या अतितेजस्वी रेडिओ-स्रोताचे मोजमाप केले, तेव्हा रेडिओ-लहरी दीर्घिकेतून नव्हे तर तिच्या दोन्ही बाजूंना, पुष्कळ अंतरावर असलेल्या दोन विस्तृत भागांतून येत असल्याचे आढळले. या भागांना आज रेडिओ-लोब म्हणतात. भारतीय नाव जोडलेला हा शोध विसाव्या शतकातील खगोलशास्त्राच्या पायाभूत शोधांत गणला जायला हवा, कारण दीर्घिकेपासून इतक्या दूर एवढी ऊर्जा पोचते कशी, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. ऊर्जा एकदाच फेकली गेलेली नसून केंद्रातून झोतांवाटे अखंड पुरवली जाते, हे उत्तर १९७४ मध्ये रॉजर ब्लँडफोर्ड व मार्टिन रीस यांनी, तसेच स्वतंत्रपणे पीटर शॉयर यांनी सविस्तर मांडले. आणि सिग्नस ए मधील तो बारीक झोत १९८४ मध्ये अमेरिकेतील व्हीएलए या दुर्बीण-संचाच्या प्रतिमेत प्रत्यक्ष दिसला.

झोतातील इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय रेषांभोवती घिरट्या घालतात आणि त्या भरात जे प्रारण सोडतात, त्याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. या प्रारणातील लहरींचे कंपन ठरावीक दिशेत अधिक होते, म्हणजेच त्यांना ध्रुवण असते; वॉल्टर बाडे यांनी १९५६ मध्ये एम ८७ च्या झोताच्या प्रकाशात हे ध्रुवण दाखवून दिले. अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लवकर गमावतात, त्यामुळे जुना लोब उच्च वारंवारतेला मालवलेला आणि कमी वारंवारतेला मात्र तेजस्वी दिसतो. झोतांचा गतेतिहास वाचायचा तर कमी वारंवारतेच्या दुर्बिणी लागतात, आणि पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीचे महत्त्व इथेच आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत.

झोत मुळात सुटतो कसा, याचे दोन मुख्य खुलासे आहेत. ब्लँडफोर्ड व रोमन झ्नायेक यांच्या १९७७ च्या सिद्धांतानुसार स्वतःभोवती फिरणारे कृष्णविवर चुंबकीय रेषांना सुंभासारखा पीळ घालते आणि झोताला ऊर्जा मिळते ती त्या परिवलनातून. ब्लँडफोर्ड व डेव्हिड पेन यांच्या १९८२ च्या मांडणीत हेच काम चकती करते. एम ८७ च्या कृष्णविवराची २०१९ मध्ये जाहीर झालेली प्रतिमा, २०२१ मध्ये तिच्यातील प्रकाशमान कड्यात दिसलेले सुसूत्र ध्रुवण आणि २०२३ मध्ये कडे व झोत यांची एकत्र टिपलेली प्रतिमा यांमुळे चुंबकीय क्षेत्राच्या भूमिकेला भक्कम आधार मिळाला आहे.

आपल्याच आकाशगंगेत, गरुड तारकासमूहात, जीआरएस १९१५+१०५ ही जोडी आहे; तिच्यातील सुमारे १२ सौरवस्तुमानांचे कृष्णविवर सोबतच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेते. १९९४ मध्ये फेलिक्स मिराबेल व लुईस रॉड्रिगेझ यांना तिच्यातून फेकलेले रेडिओ-गोळे प्रकाशाहून वेगाने सरकताना भासले. झोत आपल्या रोखाने कललेला असला की द्रव्य आपल्याच प्रकाशाचा पाठलाग करते, आणि त्यातून हा आभास निर्माण होतो. कृष्णविवराजवळच्या घटनांचा कालावधी त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढत असल्याने इथले एक मिनिट एम ८७ मध्ये सुमारे हजार वर्षांएवढे होते. तिथे अनेक पिढ्या लागणारे बदल इथे काही मिनिटांत पाहता येतात, म्हणूनच अशा जोड्यांना सूक्ष्म-क्वेसार, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या (क्वेसारांच्या) छोट्या आवृत्त्या म्हणून मिळालेले महत्त्व पूर्णपणे रास्त आहे.

नवजात ताऱ्यांचे झोत सेकंदाला काहीशे किलोमीटर एवढ्याच वेगाचे असतात, कारण झोताचा वेग सामान्यतः केंद्रवस्तूजवळच्या मुक्तिवेगाच्या जवळपास असतो. परंतु झोताची आवश्यकता सर्वांत स्पष्ट दिसते ती इथे. आकुंचन पावणाऱ्या मेघातील द्रव्याला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा असतो, आणि तो कुठेतरी सोडून दिल्याखेरीज द्रव्य ताऱ्यापर्यंत पोचूच शकत नाही. मृगातील एचएच २१२ या नवजात ताऱ्याचा झोत स्वतःच्या अक्षाभोवती फिरतो, असे चिलीतील अल्मा दुर्बीण-संचाने केलेल्या निरीक्षणांतून २०१७ मध्ये दिसले. म्हणजे चकतीचा हा कोनीय संवेग झोत वाहून नेतो. या झोतांची रेडिओ-दीप्ती बहुतेक वेळा तप्त वायूतील इलेक्ट्रॉन-आयन टकरींतून येते, पण २०१० मध्ये एचएच ८०-८१ या झोताच्या लहरींत ध्रुवण सापडले, आणि २०१४ मध्ये वृषभ तारकासमूहातील डीजी टाउ या सूर्यासारख्या तरुण ताऱ्याच्या झोतात सिंक्रोट्रॉन प्रारणाच्या खुणा दिसल्या त्या जीएमआरटीच्याच निरीक्षणांत. इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाचा वेग देणारी जी प्रक्रिया कृष्णविवरांच्या झोतांत दिसते, ती सूर्याच्या बालपणीही घडली असेल, असे मानण्यास त्यामुळे जागा निर्माण झाली.

ताऱ्यांच्या झोतांत वर्णपटरेषा, म्हणजे विशिष्ट अणूंच्या ठशांच्या रेषा मिळतात, त्यामुळे त्यांतील द्रव्य ओळखता येते व मोजता येते. कृष्णविवरांच्या झोतांत त्या जवळजवळ कुठेच मिळत नाहीत. प्रकाशाच्या २६ टक्के वेगाने द्रव्य फेकणारी आणि १६२ दिवसांत अक्ष फिरवणारी एसएस ४३३ ही जोडी हा ठळक अपवाद. बाकीच्या झोतांत इलेक्ट्रॉनांच्या सोबतीला जड प्रोटॉन असतात की हलके पॉझिट्रॉन, हे अजून निश्चित झालेले नाही, आणि सिग्नस ए च्या लोबमध्ये एकूण किती ऊर्जा साठली आहे याचा हिशेब त्याच उत्तरावर अडून आहे.