भरतीसाठी पळताय? ग्राउंडच्या आधीच नडगी का दुखायला लागते आणि काय केलं तर पळणं सुटत नाही

पहाटे पाचच्या सुमारास तालुक्याच्या गावाकडं जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर गाडीच्या उजेडात पळणारी पोरं-पोरी दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी सैन्यासाठी, तर कुणी वय निघून गेलं तरी सवय सुटत नाही म्हणून पळतो. भरतीची जाहिरात आली की ही गर्दी दुप्पट होते. आणि महिना-सव्वा महिना गेला की त्यातली बरीच पोरं कट्ट्यावर बसून नडगी चोळताना दिसतात. ‘शिन पेन सुरू झालं’ हे वाक्य भरतीच्या पोरांच्या तोंडी सर्दी-खोकल्याइतकं नेहमीचं झालंय.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. त्यात मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. राज्य राखीव पोलीस दलासाठी तर 5 किलोमीटर पळावं लागतं आणि त्याला एकट्याला 50 गुण आहेत. खुल्या गटाला वयाची मर्यादा 28, मागासवर्गीयांना 33. म्हणजे एका भरतीत पायानं दगा दिला, तर पुढची भरती निघेपर्यंत वय उरेलच असं नाही. दोन-तीन वर्षांची पहाट, अकॅडमीची फी, घरच्यांनी सोसलेला खर्च, सगळं एका नडगीवर येऊन थांबतं.

दम आधी येतो, हाड मागं राहतं

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवर पडणारा जोर अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. साठ किलोच्या पोराच्या एका पायावर दर पावलाला सव्वाशे-दीडशे किलोचा दणका बसतो, आणि 1600 मीटरमध्ये अशी हजारेक पावलं पडतात. एवढं सोसायला शरीर तयार होतं, पण सगळे भाग एकाच वेगानं तयार होत नाहीत.

दम लवकर वाढतो. दोन-तीन आठवडे नियमित पळलं की छाती भरून येणं कमी होतं, टायमिंग उतरतं, पोराला वाटतं आता जोर लावावा. हाडाचं तसं नसतं. नवा ताण पडला की शरीर आधी हाडातला जुना भाग थोडा पोखरून काढतं आणि मग तिथं नवीन, जास्त मजबूत हाड घालतं. जुनी भिंत उतरवून नवी बांधण्यासारखंच हे काम आहे, आणि त्याला आठवडे नाही, महिने लागतात. भिंत अर्धी उतरवलेली असताना त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं की काय होणार? म्हणूनच दुखणं पहिल्या दिवशी येत नाही. पळणं जमायला लागलं, अंगात जोश आला, की नेमकं तेव्हा येतं.

जाहिरात आल्यावर शून्यातून सुरुवात करून रोज फुल स्पीडनं पळणाऱ्यांचे पाय जास्त जातात, ते यामुळं. आळशी पोरांपेक्षा जिद्दी पोरांना हे दुखणं जास्त होतं, हे ऐकायला उलटं वाटेल, पण तसंच आहे.

दुखण्या-दुखण्यात फरक असतो

नडगीच्या आतल्या कडेला, पोटरीच्या बाजूनं, चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा साधं शिन पेन असतं. पळणं कमी केलं, काही दिवस सायकल किंवा चालण्यावर भागवलं, की ते उतरतं.

एका बोटानं दाखवता येईल इतक्याच जागी दुखत असेल, तिथं दाबल्यावर कळ डोक्यात जात असेल, रात्री झोपेत ठणका लागत असेल, त्या पायावर एकदा उडी मारली तरी सहन होत नसेल, तर मात्र हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. इथं एक फसगत होते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. ‘फोटो नॉर्मल आला’ म्हणून पोरगं पुन्हा पळायला लागतं आणि चिरेचा मोड होतो. दुखणं तसंच राहिलं तर हाडाच्या डॉक्टरला पुन्हा दाखवावं, गरज वाटली तर ते एमआरआय सांगतात. चीर असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद, याला दुसरा उपाय नाही. तेल मालीश, पट्टी, शेकणं यानं हाड जुळत नाही.

आणि इंजेक्शनचं. दुखणं दाबणारी गोळी किंवा सुई घेऊन ग्राउंड मारायचं, हे खेडोपाडी चालतं. दुखणं म्हणजे पायानं दिलेली हाक आहे, ती बंद केली म्हणून चीर बंद होत नाही. शिवाय अशा गोळ्या घेऊन, पाणी कमी पिऊन, उन्हात पळलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मित्रानं दिलेली, नाव नसलेली सुई तर हातात धरण्याच्याही लायकीची नाही.

रोज जोरात पळू नये

बहुतेक पोरं एकच गोष्ट रोज करतात. घड्याळ लावायचं, 1600 मारायचं, कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी आले की खूश, जास्त आले की दिवस खराब. ही तयारी नव्हे, रोजची परीक्षा झाली. मोठे लांब पल्ल्याचे धावपटू आपलं बहुतेक पळणं सावकाशच करतात. सावकाश म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. आठवड्यातून दोन दिवस जोराचं पळणं, बाकी दिवस असं बोलत-बोलत, आणि एक दिवस पूर्ण आराम, एवढ्यावर टायमिंग उतरतं. आठवड्याचं एकूण अंतर वाढवताना आधीच्या आठवड्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच वाढवावं असं कोच मंडळी सांगतात. 20 किलोमीटर होत असेल तर पुढं 22. तीन आठवडे वाढवून चौथा हलका ठेवला तर हाडाला भिंत बांधायला वेळ मिळतो.

शेतातलं काम यात धरलं जात नाही, ते धरायला हवं. दिवसभर सोयाबीनची पोती उचलली, ऊसतोडीला गेला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे जोराचं पळणं टाळावं. शहरातल्या माणसासाठी लिहिलेलं वेळापत्रक रीलवर बघून जसंच्या तसं उचललं की इथंच घोटाळा होतो.

सुरुवातीला जोर लावून मागं पडणं ही आणखी एक नेहमीची चूक. 1600 मीटरला 20 पैकी 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. 400 मीटरच्या ट्रॅकवर हे चार राऊंड, म्हणजे राऊंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. मुलींना 800 मीटरला 2 मिनिटं 40 सेकंद, म्हणजे राऊंडला 80. पहिला राऊंड 65 मध्ये मारणाऱ्याचे पुढचे दोन राऊंड कसे जातात हे ग्राउंडवर उभं राहून बघितलेल्यांना सांगायला नको. सरावात हाच एकसारखा वेग पायात बसवावा लागतो.

रस्ता, बूट, पायरी

सिमेंटच्या रस्त्यापेक्षा डांबरी बरा आणि डांबरीपेक्षा मातीचा. पाटाच्या कडेचा रस्ता, जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान, खड्डे नसलेली पाणंद, जे जवळ असेल ते. मुख्य रस्त्यावर अंधारात पळू नये. दुसरा इलाज नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं, फिकट कपड्यात, कानात हेडफोन न घालता पळावं.

बूट महागाचा नसला तरी चालतो, पण पळण्याचाच हवा आणि पुढं अंगठ्याएवढी जागा हवी. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर तळवा बसतो. आठवड्याला 25-30 किलोमीटर पळणाऱ्याचा बूट पाच-सहा महिन्यांत संपतो, वरून नवा दिसला तरी. ग्राउंडच्या आदल्या दिवशी घेतलेला नवा बूट घालून जाणाऱ्याला फोड आणि पश्चात्ताप दोन्ही मिळतात.

जिम लागत नाही. घराच्या पायरीवर पायाच्या पुढच्या भागावर उभं राहून टाचा वर उचलायच्या आणि अगदी सावकाश खाली सोडायच्या, पंधरा-पंधराचे तीन सेट, दिवसाआड. त्याच्या जोडीला बैठका. पोटरी आणि मांडी मजबूत झाली की नडगीवरचा भार हलका होतो. पळण्याआधी दहा मिनिटं चालणं आणि हळू पळणं चुकवू नये.

खाण्यात भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे-गूळ यातलं रोज पुरेसं हवं. पावडरचा डबा नसला तरी काही अडत नाही. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरात बोलली जात नाही. पळणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं तर पाळी लांबते किंवा बंद होते, आणि त्यासोबत हाडंही कमकुवत व्हायला लागतात. पाळी बंद झाली म्हणजे कटकट गेली असं समजू नये, डॉक्टरला दाखवावं. लवकर दम लागत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासावं. 12 च्या खाली असेल तर कितीही सराव केला तरी टायमिंग उतरत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

उन्हाळ्यात आणि पावसाआधीच्या दमट हवेत ऊन चढायच्या आत सराव संपवावा. पळणारा बरळायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, तर सावलीत नेऊन लगेच अंगावर पाणी ओतत राहावं आणि 108 ला फोन करावा. ‘थोडा बस, बरं वाटेल’ म्हणत वेळ घालवू नये.

मन खचतं तेव्हा

भरतीची तारीख पुढं जाते, पुन्हा पुढं जाते. ग्रुपवर कुणीतरी आपलं टायमिंग टाकतं. घरी पाहुणे विचारतात, ‘अजून किती वर्षं?’ पायापेक्षा मन आधी सुटतं, ते अशा वेळी.

तारखेवर सराव अवलंबून ठेवला की तारखेसोबत मनही हलतं. त्यापेक्षा एक साधी वही ठेवावी. आज किती पळालो, कसं वाटलं, कुठं दुखलं, तीन ओळी. दोन महिन्यांनी मागची पानं उलटली की पूर्वी धाप लागणारा वेग आता गप्पा मारत जमतोय हे दिसतं, आणि दुखणं कुठल्या आठवड्यात सुरू झालं तेही सापडतं. तिघं-चौघं मिळून पळणाऱ्यांचा खाडा कमी होतो. मुलींना तर सोबतीमुळंच घरून परवानगी मिळते. मात्र सोबत्याचा वेग आपल्यापेक्षा फार जास्त असेल तर सावकाश पळायच्या दिवशी त्याच्या मागं लागू नये.

आठ-दहा दिवस पाय थांबवावा लागला तर सगळं गेलं असं होत नाही. एवढ्यात दम फारसा उतरत नाही, त्यातही सायकल चालवली तर बराचसा टिकतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळं आशियाई स्पर्धेला मुकला. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि 2023 मध्ये हांगझोऊला त्याच आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं.

थांबल्यानंतर परत सुरुवात करताना मात्र सोडलं तिथून धरू नये. आधी अर्धा तास भरभर चालून बघावं. दुखलं नाही तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना नडगी गप्प असेल, तरच पळण्याची मिनिटं वाढवावीत.