अनुशेष : एका मापाची चिकित्सा

‘शेष’ म्हणजे उरलेलें. कशांतून उरलें हें कळल्यावांचून त्यास अर्थ नाहीं. सरकारी दप्तरांतील ‘अनुशेष’ ह्या शब्दाचेंही तसेंच आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत लोकसंख्येच्या प्रमाणांत निधि द्यावा व मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरवावें, असें ठरलें. मागासलेपण मोजावें कसें, हें मात्र त्या कागदांत नाहीं.

तें माप येथील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या समितीनें १९८४ सालीं दिलें. रस्ते, पाटबंधारे, आरोग्य इत्यादि प्रत्येक बाबींत राज्याची सरासरी काढावयाची, आणि जो जिल्हा तिच्या खालीं राहील त्याची तूट रुपयांत मांडावयाची. एकूण तूट ३,१८६.७८ कोटि रुपये निघाली : विदर्भ १,२४६.५५, मराठवाडा ७५०.८५, उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८.

पुण्यासारखा संपन्न जिल्हा ज्यांत येतो, त्या विभागाची तूट मराठवाड्याहून अधिक कशी? मर्म असें कीं, तूट जिल्हावार धरली; पुढारलेल्या जिल्ह्यांचें आधिक्य तींतून वजा केलें नाहीं. म्हणून कोंकणची उणीव पुण्याच्या वैभवाखालीं झांकली गेली नाहीं. आमच्या मतें हें न्याय्यच झालें. परंतु जिल्ह्याच्या पोटांतील कोरडा तालुका ह्याही मापांत दिसत नाहीं. विजय केळकर समितीनें २०१३ सालीं तालुका हाच घटक धरण्याचें सुचविलें, तें बहुधा ह्याचसाठीं.