कालवा जिथे चढत नाही

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर आळेफाटा मागे पडला की बेल्हे येतं आणि बेल्हे सोडून पुढे गेलं की आणे घाट लागतो. जुन्नर तालुक्यातली पाण्याची हद्द या घाटापाशी आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं जुन्नर-आंबेगावातली. पण कालवे उताराने जातात आणि घाटावरचं आणे पठार उंचावर. खाली ऊस, कांदा, डाळिंब. वर पावसाच्या भरवशावरची बाजरी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. पठाराला पाणी द्या ही मागणी जुनी आहे आणि रास्तही. पण कालवा येईपर्यंत रान आणि विहीर जगवायची कशी?

याचं मला पटलेलं उत्तर शेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यात उभं राहिलं, जर्मनीच्या पैशातून आणि गावांच्या घामातून. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम हे त्याचं नाव.

परदेशी मदत इथल्या माणसांना नवी नव्हती. १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली, मुलांना सुकडी मिळाली. त्या धान्यावर माणसं जगली, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण गोणी रिकामी झाली आणि विहिरीचा तळ होता तसाच राहिला. १९४८मध्ये भारतात आलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगर भागातली ही परवड वर्षानुवर्षं जवळून पाहिली. त्यांच्या पुढाकाराने हा कार्यक्रम आकाराला आला. केएफडब्ल्यू या जर्मन बँकेचा निधी, जीटीझेडचं तांत्रिक साहाय्य, नाबार्डची देखरेख अशी घडी बसली आणि गावांची तयारी करून घ्यायला १९९३मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली.

या कार्यक्रमाचं खरं बळ त्याच्या अटींत होतं. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत ठरवायची. पाणलोट समिती गावानेच निवडायची. सुरुवातीला थोड्या क्षेत्रावर काम करून हात बसवायचा, मगच मोठा निधी. पुढे कामाच्या मजुरीतलाही काही वाटा श्रमदानाचा. पैसे देणाऱ्याने ‘आधी तुम्ही कष्ट करा’ म्हणणं वरवर कठोर वाटतं. मला मात्र त्यात गावाचा मान राखलेला दिसतो.

काम माथा ते पायथा. त्यातलं साधंसं अवजार म्हणजे ए-फ्रेम. दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी ठोकायची आणि शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. दोन्ही पाय टेकून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांची मध्यरेषा म्हणजे समपातळी. दोरी त्या रेषेवर राहील असा एकेक पाय टाकत डोंगराच्या अंगाने जायचं आणि मागे फक्की टाकायची. शाळा न पाहिलेली बाईही ही रेषा बिनचूक आखते. त्या रेषेवर चर खणायचा, माती उताराच्या बाजूला लावायची. पाऊस आला की पाणी चरात थांबतं आणि जमिनीत मुरतं. ओघळींत दगडी बांध आणि सगळ्यांत खाली नालाबांध. वरचं झाल्याशिवाय खालचं करायचं नाही, नाहीतर बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत हे काम १९९६ ते २००१ या काळात झालं. आधी उन्हाळ्यात टँकर यायचा, तो थांबला. विहिरींची पातळी जमिनीखाली साडेसहा मीटरवरून सुमारे तीन मीटरवर आली. वर्षाकाठी तीन-चार महिने मिळणारं शेतातलं काम नऊ-दहा महिन्यांवर गेलं. शहराकडे जाणारी पावलं थांबली, ती यामुळे.

सगळं गोड नव्हतं. चराईबंदीचा पहिला फटका मेंढपाळ ठेलारी कुटुंबांना बसला, कारण त्यांची शेती नव्हती, कुरण हेच पोट. वाद झाले, मग बंदी एकदम न लावता टप्प्याटप्प्याने लावायचं ठरलं. शिवाय मुरलेलं पाणी पहिलं विहीरवाल्याच्या मोटरीला लागतं. भूमिहीनाच्या वाट्याला मजुरी येते. पाणी दिसलं की बोअर वाढतात, तहानेली पिकं येतात आणि वीस वर्षांची कमाई दोन हंगामांत उपसली जाते. ‘वॉटर’ने पुढे पाण्याच्या ताळेबंदावर भर दिला तो म्हणूनच. पावसाळा सरला की किती पाणी पडलं, किती मुरलं, पिण्याला आणि गुरांना किती राखायचं हे मांडायचं. उरेल त्यात रब्बीला काय पेरायचं ते गावाने ठरवायचं.

या अनुभवावरच १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी शंभर कोटी घालून देशासाठी पाणलोट विकास निधी उभारला.

आणे पठाराला उद्या पाणी मिळालं तरी ते मोजकंच असेल. म्हणून तिथल्या ग्रामसभांनी पाणी येण्याआधीच हा ताळेबंद मांडायला घ्यावा, आणि त्या बैठकीत विहीर नसलेल्यांना पहिलं बोलू द्यावं.